आईला आणखी एक काम देण्याआधी

सप्रेम नमस्कार,

सोमवारपासून विशेष शाळेत तुझ्या पालकभेटी सुरू होतील. मुलाची फाईल असतेच, आईची नसते.

‘कशा आहात?’ विचारलंस तर ‘बरी आहे’ एवढंच ऐकू येईल; सासूबाई शेजारी असतील तर नक्कीच. मुलाला दुसऱ्या ताईंकडे खेळायला पाठव, घरच्यांना बाहेर बसव आणि विचार, काल रात्री सलग किती तास झोप लागली? मुलाला रात्री फिट्स येत असतील, दोनदा चादर बदलावी लागत असेल, तर तिची चिडचीड आधी जागरणाच्या खात्यावर टाक. तिथे मुलाच्या डॉक्टरांना गाठणं पहिलं.

मग घरचा अभ्यास बघ. स्पीचवाले, फिजिओवाले, वर्गताई सगळे देतात. बेरीज कुणीच करत नाही. तो होत नाही आणि आई स्वतःला दोष देते. एकच काम ठेव, दहा मिनिटांचं, रोजच्या कामात बसणारं. चड्डी घालणंच घे. शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजत असताना पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं की शेवटी आईच घालून देते. म्हणून शेवटाकडून शिकव: कमरेजवळपर्यंत आईने आणायची, शेवटचं ओढणं मुलाचं. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून.

आठवड्यातले दोन तास तिचे हवेत (भाजी आणणं यात धरायचं नाही). सांभाळणारं माणूस, वार, वेळ कागदावर लिही. त्या माणसाने आधी तीन-चार वेळा, आई घरात असतानाच, मुलाला भरवावं, शी-शू बघावी. नाहीतर अर्ध्या तासात फोन येतो आणि ती पुन्हा बाहेर पडत नाही.

दोन आठवडे सलग उदासी, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. ‘याला घेऊनच जाईन’ असं काही आलं तर धोका दोघांना आहे. एकटीला घरी पाठवू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

‘माझ्यामागे याचं कसं?’ यावर ‘होईल सगळं नीट’ म्हणू नकोस. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं. न्यासाचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का बघ. हे अर्ज मात्र बाबांना बोलावून त्यांच्या हातात दे.