अमेरिकेतला धोक्यातल्या प्राण्यांचा कायदा खाजगी जमीनमालकांवर अन्याय करतो का? बदलायला हवा का?

कायदा मोडीत काढायला माझा ठाम विरोध आहे, पण बदल हवाच. १९७३ च्या या कायद्यात प्राण्याला इजा करणं गुन्हा आहे आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की त्याचा अधिवास नष्ट करून त्याला मारणं किंवा जखमी करणं हीसुद्धा इजाच, म्हणजे तुमच्या जमिनीवर धोक्याच्या यादीतला एखादा पक्षी आला की झाडं तोडण्यावर बंधनं येतात आणि नुकसानभरपाई मात्र सहसा काहीच नाही. आता रेड-कॉकेडेड वुडपेकर बघा, हा सुतारपक्षी जुन्या पाइनच्या झाडात घर करतो, त्यामुळे नॉर्थ कॅरोलिनात काही मालकांनी पक्षी यायच्या आधीच झाडं तोडून टाकली, म्हणजे ज्याला वाचवायचं त्याचंच घर गेलं ना! मला तरी याचं खूप वाईट वाटतं.

यावर उपाय तिथेच निघाला, १९९५ मध्ये. 'सेफ हार्बर' करार. मालकाने स्वतःहून अधिवास सुधारला आणि पक्षी वाढले तर त्या वाढीव पक्ष्यांसाठी नवीन बंधनं नाहीत, फक्त सुरुवातीला जेवढे होते तेवढं सांभाळायचं. असे करार सोपे करा, कागदपत्रं कमी करा, आणि जो मालक प्राणी सांभाळतो त्याला सरळ पैसे किंवा टॅक्समध्ये सूट द्या, कारण प्राणी वाचल्याचा फायदा सगळ्यांना होतो मग खर्च एकट्यानेच का करायचा? २०२४ मध्ये या सुतारपक्ष्याला 'एन्डेंजर्ड' (नामशेष व्हायचा धोका) वरून 'थ्रेटन्ड' (त्याहून कमी धोका) यादीत आणलं, त्यात मालकांच्या सहकार्याचा मोठा वाटा आहे.