हिशोब कोण ठेवत होतं?

लेखकमहाशय,

तुझ्या एकांकिकेची संहिता वाचली. रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा लांबलचक निरोपही वाचला. ज्याच्यावरून विन्या लिहिलास तो मित्र तालमीला येत नाही, तर बिलाचा प्रवेश काढू की त्याच्या जागी दुसरा घेऊ, असं विचारतोयस. दोन्ही करू नकोस. प्रवेश चुकीच्या माणसावर लिहिलायस, तो परत लिही.

बिलाचा प्रवेश वाचून मी मोठ्याने हसलो, हे आधी सांगून टाकतो. चौघं मित्र, मिसळ, ताक. वेटर बडीशेपेच्या ताटलीत बिल ठेवतो आणि विन्या हात धुवायला उठतो. पुढच्या वेळी त्याची रेंज जाते. त्याच्या पुढच्या वेळी, "सर्व्हर डाऊन आहे रे, तू स्कॅन कर, रात्री पाठवतो." इथे वाक्य यायच्या आधीच लाफ्टर पडेल. हात चांगला आहे तुझा. पण मला एक सांग, विन्या कितीदा उठला याचा हिशोब कोण ठेवत होतं?

निवेदक. म्हणजे तू. आणि तो मात्र संहितेत धुतल्या तांदळासारखा! वर्षभराच्या चहाचे पैसे ज्याला तोंडपाठ आहेत, साडेतीनशे रुपये मागितले तर मैत्री तुटेल म्हणून जो "असू दे रे" म्हणत हसतो, तो माणूस तुला विनोदी वाटत नाही? पान अकरावर तूच लिहिलंयस की तो घरी येऊन मोबाइलच्या नोट्समध्ये आकडा टाकतो. एकच ओळ, आणि लगेच ब्लॅकआऊट. अरे, तुझी एकांकिका तिथे सुरू होते आणि तू दिवे घालवतोस!

चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचलायस ना? की फक्त दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या मालिकेच्या क्लिपा पाहिल्यास? वाच. गुंड्याभाऊ धिप्पाड, चिमणराव किडकिडीत. नात्यातले भाऊ, पण एकमेकांशिवाय पान हलत नाही. किडकिडीत माणसाने दांडग्या मित्राच्या गोष्टी सांगायच्या म्हटल्यावर त्याची टर उडवून हिशोब चुकता करायला केवढी जागा होती! पण सांगणारा चिमणराव आहे आणि सगळ्यात जास्त फजितीही चिमणरावाचीच होते. पुलंच्या 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी घे. लोकांच्या तऱ्हा तो सांगतो, पण त्या तऱ्हांपुढे कानकोंडा होऊन उभा कोण असतो? तोच. म्हणून तो दुसऱ्याला हसला तरी राग येत नाही. त्याने आधी स्वतःची इस्त्री मोडून घेतलेली असते.

तू म्हणशील, पण विन्या खरंच पैसे देत नाही. नसेल देत. नाटक म्हणजे वसुली नव्हे.

आमच्या वेळी आमच्याही एकांकिकेत एक तोतरा मित्र होता. तालमीत त्याने तोंड उघडलं की पोरं लोळायची. मी तो प्रवेश कापला. गटात भांडण झालं, दिग्दर्शकाला मस्ती आलीय म्हणाले, बक्षीस गेलं ते गेलंच. त्यातला एकजण आजही माझ्याशी धड बोलत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा तालीम लागली तर पुन्हा कापेन. त्या हशासाठी आमच्यापैकी कुणाचंच काही खर्च होत नव्हतं, जे काही जात होतं ते एकट्या त्याचं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. असो. तुला कापू नकोस म्हणतोय, कारण तुझ्याकडे पान अकरा आहे. आमच्याकडे तसलं काही नव्हतं.

आणि पुरुषोत्तम करंडकाचं कारण पुढे करू नकोस. १९६३ पासून ती कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरातल्या पोरांनी तुझ्याहून तिखट पंच ऐकलेत. विन्या उठला की ती हसतीलच. पण निवेदकाने नोट्स उघडून "२ चहा, १ क्रीमरोल, तारीख १४" असं वाचलं, तर अर्ध्या थिएटरचा हात नकळत आपापल्या खिशातल्या मोबाइलकडे जाईल. मग तो फोन विन्याच्याच हाती लागू दे. यादी तो वाचेल, मोठ्याने, सगळ्यांसमोर. त्या वेळी निवेदकाने काय करायचं? हात धुवायला उठायचं! बघ, जमतंय का.

नवा खर्डा आधी त्या मित्राला वाचून दाखव. समोर बसून; पीडीएफ पाठवून मोकळा होऊ नकोस. निवेदक कुणी करायचा, हेही त्यालाच विचार. तो स्वतः करतो म्हणाला तर भूमिका देऊन टाक आणि विन्या तू कर. शनिवारी तालमीला येतो. तोपर्यंत पान अकराची निदान तीन पानं झालेली दिसू देत.

तुझा,
सर