परसल्फेट जुनं असेल तर डोस दुप्पट करू नका, आधी टायट्रेट करा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. स्टायरिनचं इमल्शन पॉलिमरायझेशन (पाण्यात स्टायरिनचे थेंब पसरवून त्याचं पॉलिमर बनवणं), 70 अंश, सहा तास झाले तरी कन्व्हर्जन, म्हणजे पॉलिमर झालेला भाग, 30 टक्क्यांवर अडकलंय, रिअॅक्शन सुरू करणाऱ्या पोटॅशियम परसल्फेटची बाटली जुनी, आणि आता एकतर डोस दुप्पट करायचा नाहीतर इलेक्ट्रोलिसिसने स्वतःच बनवायचं, असं तुम्ही विचारताय. आतला ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन वगैरे तुम्ही दिलाच असणार, त्यात जात नाही.

डोस दुप्पट करू नका. मी नेमकं हेच केलं होतं.

मी तेव्हा पांढऱ्या गमच्या प्लांटवर शिफ्ट केमिस्ट होते. पावसाळ्याचे दिवस, स्टोअरने परसल्फेटची अर्धी उघडी राहिलेली बॅग दिली, आत गठ्ठे झालेले. मी क्यूसीला (माल तपासणाऱ्या विभागाला) म्हटलं एकदा टेस्ट करून द्या, तर उत्तर आलं, सर्टिफिकेट आहे ना, मग कशाला? सर्टिफिकेट बॅग सीलबंद असतानाचं! तीनदा विचारलं, तीनदा हेच. मग बॅच चालू केली. व्हिनाइल अॅसिटेट (या गमचा मोनोमर, म्हणजे ज्याचं पॉलिमर होतं तो कच्चा माल) सोडणं चालू होतं, पण तापमान वर जायचं सोडून 66-67 वरच रेंगाळलेलं आणि कंडेन्सरच्या काचेतून रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परतणारा द्रव) धो धो परत येताना दिसत होता. याचा अर्थ सरळ आहे, मोनोमर खपत नाहीये, आत साठतोय. तिथे मोनोमर बंद करून रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटला थंड पाणी द्यायला हवं होतं. मी मात्र नव्या बॅगेतलं परसल्फेट विरघळवून एकदम आत सोडलं, मोनोमर चालूच ठेवून. दहा मिनिटांत सगळा साठलेला मोनोमर एकदम पेटल्यासारखा चालला, कूलिंग पुरलं नाही, फेस व्हेंटमधून बाहेर. कुणाला इजा झाली नाही, पण रिअॅक्टरमध्ये जो गोळा बसला तो माणसं तीन दिवस छिन्नीने फोडत होती आणि ते बघताना मला फार वाईट वाटत होतं.

नंतर मी स्वतः टायट्रेशन केलं, म्हणजे पावडरीत खरं परसल्फेट किती उरलंय ते मोजलं. 0.25 ग्रॅम पावडर 50 एमएल पाण्यात, 4 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, बूच लावून अर्धा तास अंधारात (ही रिअॅक्शन हळू आहे, घाई केली तर आकडा कमी येतो), मग सुटलेलं आयोडीन मोजायला 0.1 नॉर्मल थायो (सोडियम थायोसल्फेट), शेवटी स्टार्च. शुद्ध मालाला 18.5 एमएल लागतात. आमच्या बॅगेला 11 लागले, म्हणजे जेमतेम 60 टक्के. एका तासाचं काम होतं हो!

घरी बनवण्याबद्दल: पद्धत जुनीच आहे, मार्शलने 1891 मध्ये केलेली. बायसल्फेटचं थंडगार द्रावण, प्लॅटिनमचा अॅनोड, करंट डेन्सिटी भरपूर, आणि पोटॅशियमचं मीठ थंड पाण्यात कमी विरघळतं (20 अंशांना 100 एमएलमध्ये 5 ग्रॅमच्या आसपास) म्हणून पांढरे स्फटिक खाली बसतात. बघायला छान वाटतं. पण त्याला चिकटलेलं अॅसिड नीट धुतलं गेलं नाही तर तुमचा पीएच आणि कायनेटिक्स (रिअॅक्शनचा वेग) दोन्ही बिघडणार, म्हणून प्रोजेक्टसाठी मी तरी हे करणार नाही. नवी छोटी बाटली मागवा. अगदीच नाही मिळाली तर आहे ते कोमट पाण्यातून रिक्रिस्टलाइज करा, उकळू नका, गरम न करता सुकवा आणि परत टायट्रेट करा.

आणखी एक, 70 अंशांवर परसल्फेट निम्मं तुटायलाच साधारण 8 तास लागतात, 80 वर 2 तास. त्यामुळे माल चांगला निघाला तर आधी तापमानाचा विचार करा, आणि तुटताना अॅसिड होतं म्हणून थोडा सोडा बायकार्ब घाला. माझा अनुभव व्हिनाइल अॅसिटेटचा, स्टायरिन त्याच्याइतकं उसळत नाही, तरी गाइडला विचारल्याशिवाय काही करू नका.

आणि द्रावण रोज ताजं करा. उरलेल्या द्रावणाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून कपाटात ठेवू नका, आत हळूहळू ऑक्सिजन सुटत राहतो.