समतोलाचा धडा उघडून पाहा

वाचकांचे प्रश्न : रसायनशास्त्र

प्रश्न : बाई, मुलाला पुढे विद्यापीठात विज्ञानच शिकायचं आहे. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी तीन पर्याय समोर आहेत : केंब्रिजची ए लेव्हल, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आणि अमेरिकेतली एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट). तिन्हींचे रसायनशास्त्राचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून मी खुणा करत बसलो, पण जवळजवळ सगळे धडे तेच निघाले. मग फरक कशात आहे? आणि यांतला सगळ्यात भक्कम कुठला? – एक पालक

उत्तर : खुणा करून काही हाती लागणार नव्हतंच. अणुरचना, बंध, मोल, आम्ल-आम्लारी हे वगळून रसायनशास्त्र शिकवणार तरी काय? याद्या सारख्याच दिसणार. त्या बाजूला ठेवा, एकच धडा निवडा आणि तो प्रत्येक ठिकाणी कधी येतो, किती खोल जातो आणि परीक्षेत त्यावर काय विचारतात ते बघा. मी रासायनिक समतोल निवडते. हा धडा मुलांना आकडेमोडीत जमतो आणि डोक्यात जमत नाही. समतोल स्थिरांक, म्हणजे समतोलात तयार झालेले आणि मूळ पदार्थ यांचं प्रमाण सांगणारा आकडा, बिनचूक काढून देतील, पण ‘समतोल साधला म्हणजे अभिक्रिया थांबली का?’ असं विचारलं की बरेच जण बिनदिक्कत हो म्हणतात. (थांबत नाही. दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालू राहते, म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही.)

आता एपी बघा. नऊ घटक आहेत. पाचवा अभिक्रियेच्या वेगाचा, सहावा उष्णतेचा, सातवा समतोलाचा, आठवा आम्लांचा, आणि नवव्यात मुक्त ऊर्जा (अभिक्रिया आपोआप होईल का ते सांगणारी राशी) व समतोल स्थिरांक यांचं नातं जोडलेलं. ही मांडणी मला मनापासून आवडते, कारण प्रत्येक पायरीला आधीची पायरी लागते. परीक्षा सव्वातीन तासांची असते. तिच्यात ६० बहुपर्यायी आणि ७ लेखी प्रश्न असतात, दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन. तिथे एक प्रकार हमखास भेटतो : चौकटीत काही रेणू काढलेले, शेजारी स्थिरांकाची किंमत, आणि विचारलेलं असतं की हे मिश्रण समतोलात आहे का, नसेल तर कुठल्या दिशेला जाईल. पाठ केलेलं सूत्र इथे एकटं पुरत नाही. मात्र एपी हा मुळात वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आणि आधी शाळेत एक वर्ष रसायनशास्त्र झालेलं आहे असं तो गृहीत धरतो. ते झालं नसेल तर मुलगा पहिल्या महिन्यातच धापा टाकायला लागेल.

आयबीचा अभ्यासक्रम २०२३ पासून नवा झाला आणि त्याची पहिली परीक्षा २०२५ मध्ये झाली. पूर्वी शेवटी चार ऐच्छिक विषयांतला एक निवडावा लागे, ते आता गेलं. सगळं रसायनशास्त्र दोनच कप्प्यांत आहे, एक रचनेचा आणि दुसरा अभिक्रियाशीलतेचा. अभिक्रियांच्या कप्प्यात ‘किती?’, ‘किती वेगाने?’ आणि ‘कुठवर?’ असे प्रश्नच धड्यांची नावं आहेत. समतोल म्हणजे ‘कुठवर?’. पण खरी मेख पातळीत आहे. स्टँडर्ड लेव्हलला १५० तास, हायर लेव्हलला २४०. स्टँडर्डला स्थिरांकाची राशी मांडायची आणि तिचा अर्थ सांगायचा. त्यावरची गणितं हायरला येतात, आणि एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे त्याचं माप) व मुक्त ऊर्जाही फक्त हायरलाच. म्हणून ‘आम्ही आयबी घेतलंय’ एवढं सांगून मला काहीच कळत नाही. पुढे रसायनशास्त्र, अभियांत्रिकी किंवा वैद्यकशास्त्राकडे जायचं असेल तर हायरच घ्या, उरलेल्या विषयांचा भार कितीही असो.

केंब्रिजकडे पहिल्या टप्प्यात, म्हणजे एएसला, ल शातेलिएचं तत्त्व (समतोल ढळवला की तो त्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेला सरकतो) आणि दोन प्रकारचे स्थिरांक येतात, एक संहतीचा आणि एक आंशिक दाबाचा. दुसऱ्या टप्प्यात पीएच, बफर (पीएच फारसा बदलू न देणारी द्रावणं), विद्राव्यता गुणाकार (कमी विरघळणाऱ्या क्षारांचा समतोल स्थिरांक) आणि दोन द्रवांमधलं वाटप. मजकूर भरगच्च, मांडणी जुन्या वळणाची, सेंद्रिय रसायनशास्त्र भरपूर. तोंडाला फेस आणणारा अभ्यासक्रम म्हणाल तर हाच.

भक्कम कुठला, याला माझं उत्तर असं : आधी पाया झालेला असेल आणि मुलाला थोडक्यात धारदार विचार करायला आवडत असेल तर एपी. स्वतःच प्रश्न काढून त्यामागे लागणारा असेल तर आयबी हायर. आणि पुढे रसायनशास्त्रच करायचं नक्की असेल तर मी डोळे मिटून केंब्रिज म्हणेन. त्याचं कारण पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मला प्रयोगशाळेत काम करायला आवडतं, पाठांतराचा कंटाळा येतो. प्रात्यक्षिकाला खरी किंमत कुठल्या अभ्यासक्रमात आहे? – विद्यार्थिनी

उत्तर : केंब्रिजचा तिसरा पेपर दोन तासांचा आणि खराखुरा प्रयोगाचा असतो. समोर ब्युरेट, पिपेट आणि ओळख न सांगितलेली रसायनं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटमधून मोजून द्रावण सोडत दुसऱ्या द्रावणाची संहती काढताना, तू काढलेला आकडा तुमच्या केंद्रावर पर्यवेक्षकाने त्याच द्रावणांनी काढलेल्या आकड्याशी ताडून पाहतात, आणि जवळिकीप्रमाणे गुण मिळतात. फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा रंग जेमतेम गुलाबी व्हायला हवा होता तिथे तुझ्या फ्लास्कमध्ये गर्द गुलाबी झाला असेल, तर कुठलीही गोड भाषा तुला वाचवत नाही. मला हे फार आवडतं! शिवाय पाचव्या पेपरात प्रयोगाची आखणी आणि निष्कर्षांची चिकित्सा कागदावर करायची असते. दोन्हींचं वजन प्रत्येकी ११.५ टक्के.

नावाला भुलू नकोस मात्र. इंग्लंडमधल्या शाळांची स्वतःची ए लेव्हल वेगळी आहे. २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या तिथल्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे गुण श्रेणीत धरत नाहीत. निदान बारा प्रयोग करायचे आणि त्याचा शेरा वेगळा मिळतो. लेखी परीक्षेत किमान १५ टक्के गुण प्रयोगांविषयीच्या प्रश्नांना असतात, पण ते लिहूनच मिळवायचे.

आयबीमध्ये स्टँडर्डला ४० आणि हायरला ६० तास प्रयोगांसाठी राखलेले आहेत. तू स्वतः निवडलेल्या प्रश्नावरच्या शोधाचा अहवाल, जास्तीत जास्त ३,००० शब्दांचा, २० टक्के गुणांना असतो. पाठांतराचा कंटाळा येणाऱ्यांना हे मोकळं रान आहे. पण अहवाल चांगला लिहिणारी मुलगी आणि हात स्वच्छ चालणारी मुलगी एकच असेल असं नाही. एपीत किमान १६ प्रयोग आणि शिकवण्याच्या वेळेचा चौथा हिस्सा प्रयोगशाळेत जावा अशी अपेक्षा आहे, गुण मात्र सगळे लेखी परीक्षेचे. तिथे सगळं शाळेच्या प्रामाणिकपणावर.

प्रवेश घेण्याआधी शाळेत एकच विचार : एका ब्युरेटमागे किती जण असतात? उत्तर द्यायला कुणी चाचरलं की काय ते समजून घे.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या शाळेत ‘संदर्भातून शिकवणारा’ अभ्यासक्रम आणायचं चाललं आहे. समुद्र, ओझोन, औषधं, इंधनं यांच्या गोष्टी सांगत सांगत रसायनशास्त्र. मला वाटतं पाया कच्चा राहील. तुमचा अनुभव? – एक शिक्षक

उत्तर : सर, हा वाद आपल्या दोघांच्याही नोकरीपेक्षा जुना आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह स्पुतनिक वर गेला आणि अमेरिकेत शालेय विज्ञान नव्याने लिहायची घाई सुटली. त्यातून रसायनशास्त्राचे दोन प्रसिद्ध अभ्यासक्रम निघाले. पहिला केम स्टडी. त्याच्या समितीचे अध्यक्ष होते नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग. तिथे आधी प्रयोग, निरीक्षण, मग त्यातून कल्पना. दुसऱ्याचं तर नावच केमिकल बाँड अ‍ॅप्रोच. बंध आणि रचना हाच कणा, बाकी सगळं त्याला टांगायचं. ब्रिटनमध्ये १९६६ मध्ये नफिल्ड फाउंडेशनचा अभ्यासक्रम आला, तोही प्रयोगातून शोधू द्या म्हणणारा. हे सगळे भावी रसायनशास्त्रज्ञाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले. जे पुढे रसायनशास्त्र शिकणारच नाहीत त्यांचा विचार नंतर आला. अमेरिकन केमिकल सोसायटीचं केमकॉम १९८८ मध्ये निघालं. त्याची सुरुवात होते एका काल्पनिक गावाच्या नदीत मेलेल्या माशांपासून. मासे का मेले हे शोधता शोधता मुलं विद्राव्यता शिकतात.

तुम्ही म्हणता तसा, विद्यापीठात जाणाऱ्यांसाठीचा पूर्ण अभ्यासक्रम यॉर्क विद्यापीठात तयार झाला : सॉल्टर्स. इंग्लंडमध्ये तो आजही ‘केमिस्ट्री बी’ म्हणून शिकवतात. तिथे समतोल तीनदा भेटतो. पहिल्यांदा समुद्रातून मिळणाऱ्या मूलद्रव्यांच्या भागात. (समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं आणि क्लोरीन सोडून त्यातून ब्रोमीन मोकळं करतात. मला ही गोष्ट कधीच शिळी वाटली नाही.) मग रासायनिक उद्योगांच्या भागात आकडेमोडीसह, आणि शेवटी महासागरांच्या भागात, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि बफर यांच्या सोबतीने. एकदा शिकवून संपवण्यापेक्षा तीनदा परत येणं मला पटतं. पुनरावृत्तीचं वेगळं नाटक करावं लागत नाही.

पण तुमची भीती पोकळ नाही. २००७ मध्ये विज्ञानशिक्षणाच्या संशोधक ज्युडिथ बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अभ्यासक्रमांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलांची गोडी वाढते, आणि समज पारंपरिक शिकवणीइतकीच येते, असं त्यातून दिसलं. ‘इतकीच’ हा शब्द दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावा. त्याआधी सॉल्टर्सच्याच विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात अभ्यासक्रम संपतानाही काही मुलं बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते असंच समजत होती. पेट्रोल जळतं, ऊर्जा मिळते, म्हणजे ती पेट्रोलच्या बंधांत भरून ठेवली होती, असा त्यांचा हिशोब. इंधनाची गोष्ट रंगवून सांगताना हा गैरसमज आपणच पक्का करत नाही ना, हे पाहावं लागतं. बंध तुटायला ऊर्जा लागते, नवे बंध जुळताना ती सुटते, आणि दोहोंतला फरक आपल्या हाती येतो.

माझं मत संदर्भांच्या बाजूचं आहे, एका अटीवर. गोष्टीच्या पुस्तकाबरोबर कल्पनांचं पुस्तक वेगळं हवं. सॉल्टर्सने ते तसंच ठेवलं होतं, आणि शाळा पैसे वाचवायला पहिलीच कात्री तिथे लावते. प्रत्येक गोष्ट संपली की तिच्यातून काय उरलं ते मुलांनी कल्पनांच्या एका वहीत स्वतः लिहायचं, तुम्ही फळ्यावर लिहून द्यायचं नाही. आठवडाभर न आलेल्या मुलाला गोष्ट कुठून पकडायची ते कळत नाही, त्याला ही वहीच तारते.

सगळं एकदम बदलू नका. समतोलापासून सुरुवात करा. बंद सिरिंजमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड घ्या (वायू विषारी आहे, धूर-कपाटाबाहेर काढू नका) आणि दट्ट्या झटकन दाबा. तपकिरी रंग क्षणभर गडद होतो आणि मग थोडा फिका पडतो, कारण रेणू जोडी-जोडीने बिनरंगी डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवतात. गडद का झाला आणि नंतर फिका का, हे मुलांना वेगवेगळं सांगायला लावा. बरीच मुलं पहिल्या निम्म्यावरच थांबतात.

प्रश्न : मुलीला वैद्यकशास्त्राकडे जायचं आहे आणि तिने एपी घेतलं आहे. पुरेल का? – एक आई

उत्तर : एपीत सेंद्रिय रसायनशास्त्र जवळजवळ नाही. रेणूंचे आकार आणि आंतररेण्वीय बलं पक्की होतील, पण कार्बोनिल गट, एस्टर, अमाइड यांच्या अभिक्रिया तिला स्वतंत्रपणे शिकाव्या लागतील. वर्ष संपायची वाट न बघता सुरू करा. आणि ज्या विद्यापीठांत अर्ज करणार आहात ती एपी कुठल्या श्रेणीपासून मानतात हे त्यांच्याकडूनच लेखी घ्या. शेजारच्या मुलीला काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका.