शंकासमाधान : टोपलीतला अननस आणि उलटे शंख

प्रश्न : इंग्रज आद्य छायाचित्रकार टॅल्बटच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या छायाचित्रांच्या पुस्तकातलं (१८४४-४६) शेवटचं, २४ वं छायाचित्र ‘अ फ्रूट पीस’ जलरंगात उतरवायचं आहे. सेपियाच्या ट्यूबने दोनदा केलं, दोन्ही वेळा मातकट झालं आणि फळं सपाट दिसली. कुठे चुकतंय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी ती ट्यूब बाजूला ठेवा. बाजारातल्या बहुतेक सेपियात काळा मिसळलेला असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या थरात तोच चित्र मारतो. टॅल्बटची प्रत मिठाच्या कागदावरची, म्हणजे मिठाचं पाणी आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर छापलेली आहे. तिच्यात चांदीचे कण कागदाच्या तंतूंतच बसतात, त्यामुळे चकाकी नसते. रंग तपकिरीपासून जांभळटापर्यंत कुठेही जातो, शिवाय उडण्याचं प्रमाणही प्रत्येक प्रतीत वेगळं. म्हणून समोर ठेवायची प्रत एकच निवडा. दोन संकेतस्थळांवरून दोन प्रती घेतल्यात, तर डावी टोपली एका रंगाची नि उजवी दुसऱ्या रंगाची होईल.

मिश्रण असं करा : बर्न्ट सिएना ३ भाग, अल्ट्रामरीन २ भाग आणि किनॅक्रिडोन मॅजेंटा अगदी सुईच्या टोकाएवढा. सगळ्या चित्राला पुरेल इतकं एकदमच कालवा, कारण मध्येच संपलं तर तोच रंग पुन्हा जमत नाही. त्यातून पाणी वाढवत चार वाट्या करा. अल्ट्रामरीन तळाशी बसतो, तेव्हा दर वेळी कुंचला बुडवण्याआधी वाटी ढवळा. हे विसरलं की वरचं पाणी तांबूस लागतं आणि शेवटी उरलेला गाळ निळा.

कागद ३०० जीएसएमचा, सुती, मध्यम पोताचा घ्या. टॅल्बटचं निगेटिव्हही कागदाचंच होतं आणि त्याचे तंतू छापात उतरले आहेत. अल्ट्रामरीनचा रवाळपणा इथे फुकटात कामाला येतो. चित्र २० × १५ सेंमीचं करणार असाल, तर २ सेंमीच्या चौकटी एचबी पेन्सिलने, न दाबता आखा. मग रॉ सिएनाचा अतिशय पातळ हात सगळीकडे द्या, कारण जुन्या छापात कोरा पांढरा नसतोच. (चहाचं पाणी वापरू नका. सुरुवातीला छान दिसतं, पण पुढे काय रंग धरेल याचा भरवसा नाही.)

त्याच मिश्रणाच्या छटांची दहा पायऱ्यांची पट्टी वेगळ्या कागदावर करा आणि चित्रात दुसरी ते आठवी एवढ्याच पायऱ्या वापरा. ‘फळं सपाट’ होतात ती बहुधा इथेच : इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राची सवय असलेला हात प्रत्येक फळाला पांढरी चमक आणि काळी सावली देतो. मग मधल्या छटांना जागाच उरत नाही, आणि टॅल्बटचं फळ तर मधल्या छटांतच गोल झालेलं असतं. जलरंग वाळल्यावर साधारण एक पायरी फिका पडतो, हेही धरून चला.

टेबलावरचं चौकड्यांचं कापड शेवटी घ्या. आधी फक्त घड्यांच्या सावल्या, त्या पूर्ण वाळल्यावर पट्टे. प्रत्येक पट्टा घडीपाशी तुटून थोडा सरकतो. सरळ ओढलात तर कापड लाकडी फळीसारखं दिसेल. पावसाळ्यात दोन थरांमध्ये घाई केली, तर ओल्या कडेतून पाणी परत शिरून फुलकोबीसारखे डाग पडतात. असा डाग घासू नका. वाळू द्या, मग ओल्या कुंचल्याने फक्त त्याची कड मऊ करा.

प्रश्न : तेच चित्र नैसर्गिक रंगांत केलं तर? छटेवरून फळाचा रंग ओळखता येतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. त्या काळची रसायनं निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे लाल फळ आणि हिरवं पान दोन्ही गडद येतात, पिवळंही अपेक्षेपेक्षा काळवंडतं, आणि निळं कापड पांढरट होतं. इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटनच्या १८६० च्या फळाफुलांच्या छायाचित्रांनाही हेच लागू. तुम्ही द्याल तो रंग तुमची कल्पना असेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त वर सांगितलेलं एकरंगी चित्र आधी पूर्ण करून चोवीस तास वाळवा आणि वरून पारदर्शक रंगाचा एकेकच हात द्या. कॅडमियमसारखे अपारदर्शक रंग खालची छटा झाकून टाकतात. अ‍ॅलिझरिन क्रिमसनच्या ट्यूबवर पीआर ८३ (PR83) हा रंगद्रव्याचा क्रमांक असेल तर टाळा, तो उजेडात उडतो.

फेंटनसाठी मात्र कागद गुळगुळीत, हॉट प्रेस्ड हवा. त्याची निगेटिव्ह काचेची, छाप अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे, त्यामुळे तपशील धारदार आहेत. तिथे रवाळ अल्ट्रामरीन नडतो. त्याऐवजी इंडँथ्रोन ब्लू घ्या.

प्रश्न : फ्रेंच छायाचित्रकार दागेरच्या १८३९ च्या छायाचित्रातले शंख-शिंपले रंगवताना घरातला शंख समोर ठेवला, तर वळसे उलट्या बाजूला जातात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचा शंख बरोबर आहे. आरसा किंवा लोलक न लावता घेतलेल्या दागेरोटाइपमध्ये (चांदी चढवलेल्या तांब्याच्या पाटीवर थेट घेतलेल्या छायाचित्रात) डावं-उजवं बदलतं, आणि पाटी एकमेव असल्याने पुढे सुलट होण्याची सोयच नसते. म्हणजे नेहमीचा वामावर्ती शंख तिथे दक्षिणावर्ती दिसतो! पूजेच्या बाजारात काय भाव येईल ते सोडा. प्रत करताना पाटीवर दिसतं तसंच काढा. पोतासाठी खरा शंख लागलाच, तर तो आरशात पाहून काढा. संकेतस्थळावरची प्रतिमा कुणी सुलटी करून टाकलेली नाही ना, हे पॅरिसच्या म्युझे दे आर्ट ए मेतिए या संग्रहालयाच्या प्रतिमेशी ताडून पाहा.

चंदेरी रंग वापरू नका. तो वाळून राखाडी पेंटसारखा दिसतो. थंड आणि उबदार राखाडी छटा शेजारीशेजारी ठेवल्या की पाटीचा भास पुरेसा होतो.

प्रश्न : अशा प्रती विकता येतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येतात. टॅल्बट १८७७ मध्ये वारला, स्वामित्वहक्क कधीच संपला. मागच्या बाजूला मूळ छायाचित्रकार, वर्ष आणि ‘हाताने केलेली प्रत’ असं पेन्सिलने लिहा.