केशराचा रानटी पूर्वज लावायचाय? आधी हे वाचा

नमस्कार शेतकरी मित्रांनो, गेल्या काही दिवसांत तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारलीय, की केशराची म्हणे एक रानटी जात असते, ती लावली तर केशर मिळेल का, आणि गड्डे कधी नि कसे लावायचे. सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

तुम्ही विचारताय ती जात म्हणजे क्रोकस कार्टराइटियानस. मूळची ग्रीसची, तिकडे अटिका भागात, सायक्लेडीज बेटांवर आणि क्रीटमध्ये खडकाळ माळावर आपोआप उगवते. २०१९ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून हे पक्कं झालं की आपण जे केशर म्हणतो ते याच जातीतून, अथेन्सच्या आसपासच्या रानटी झाडांतून आलंय. फरक असा, की रानटी जातीत गुणसूत्रांचे दोन संच म्हणजे १६ गुणसूत्रं असतात आणि केशरात तीन संच, २४. तीन संच असले की जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून केशराला बी धरतच नाही, ते फक्त गड्ड्यावरच वाढवायचं. रानटी जातीला मात्र बी येतं, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तिथेच आहे.

आता केशर मिळेल का? मिळतं, पण उत्पन्नाच्या हिशोबाने ही लावू नका हे मी स्पष्टच सांगतो. फुलातले लाल तुरे, जे सुकवले की केशर होतं, तिलाही तीनच येतात आणि वासही असतो, पण ते केशरापेक्षा आखूड. लागवडीच्या केशरातच १ ग्रॅम सुकं केशर व्हायला साधारण १५० फुलं लागतात, मग इथे त्याहून जास्तच लागणार. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर अक्रोटिरी इथे ३,५०० वर्षांहून जुनं भिंतचित्र आहे, त्यात बायका फुलं वेचताना दाखवल्यात, म्हणजे माणसाचं या फुलाशी नातं फार जुनं आहे. तरी रोख पीक म्हणून विचाराल तर केशरच लावा. हौस असेल, बी धरायचं असेल, वेगवेगळे वाण जपायचे असतील, तर मात्र ही जरूर लावा.

लागवडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उन्हाळ्याची झोप. हे झाड शरद ऋतूत फुलतं, हिवाळाभर पानावर असतं, वसंतात पानं पिवळी पडली की गड्डा जमिनीत झोपतो, आणि त्या झोपेत त्याला कोरडं लागतं म्हणजे लागतंच. मी पहिल्यांदा लावले तेव्हा वाफा सुकलेला दिसतोय म्हणून उन्हाळ्यात पाणी देत राहिलो, आणि नंतर उकरून बघतो तर गड्डे बोटाने दाबले की आत मऊ, तपकिरी, वास मारणारे. बुरशीने सगळे खाल्ले. त्यामुळे ज्यांच्याकडे या झोपेच्या काळात पाऊस असतो त्यांनी सरळ कुंडीत लावा आणि पान वाळलं की कुंडी आडोशाला ठेवा, जमिनीत लावायचा अट्टाहास नको.

बाकी सोपं आहे. निचरा चांगला पाहिजे, भारी काळ्या मातीत जाडी वाळू किंवा बारीक खडी मिसळा, चुनखडीची जमीन चालते, ऊन भरपूर हवं. शरद ऋतूच्या तोंडावर ८ ते १० सेंमी खोल लावा, दोन गड्ड्यांत तेवढंच अंतर. नत्र जास्त देऊ नका, पानंच माजतात. आणि पानं हिरवी असताना कापायची नाहीत बरं का, कारण जुना गड्डा दरवर्षी संपतो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो, तो या पानांच्या जिवावरच पोसतो. उकरून बघितलंत तर खाली सुरकुतलेला जुना आणि वर टणक नवा, भोवती जाळीसारखं तंतूंचं साल, असं स्पष्ट दिसतं. उंदरांना हे गड्डे फार आवडतात, वाफ्यावर बारीक जाळी टाका.

विकत घेताना नीट बघा. कोल्चिकम नावाचं फूल दिसायला अगदी असंच, शरदातच येतं, पण ते विषारी आहे, जीव जाऊ शकतो. ओळख सोपी आहे, क्रोकसमध्ये पुंकेसर (परागाच्या काड्या, लाल तुरे नव्हेत) ३ आणि कोल्चिकममध्ये ६. शिवाय क्रोकसचं पान गवतासारखं अरुंद, मधोमध पांढरी रेघ, आणि कोल्चिकमची पानं रुंद, ती फुलाबरोबर नसतात, वसंतात येतात. ६ पुंकेसर मोजलेत तर तोंडात काही घालू नका. आणि रानातून उपटून आणलेले गड्डे कोणी देत असेल तर घेऊ नका, नर्सरीत वाढवलेलेच घ्या.

बियाचं विचारलंय त्यांच्यासाठी. एकच झाड ठेवलं तर बी धरणार नाही, स्वतःचा पराग त्याला चालत नाही, म्हणून वेगवेगळ्या बियांपासून आलेली दोन-चार झाडं जवळजवळ हवीत. फुलाचा बीजांडकोश जमिनीखाली असतो, त्यामुळे फूल सुकलं म्हणजे संपलं असं समजू नका, वसंतात बोंड जमिनीतून वर येतं, ते उकलायच्या आत काढा. बी शरदात १ सेंमी खोल पेरा, थंडीत उगवतं, फूल यायला ३-४ वर्षं लागतात. पहिल्या वर्षी एकच पान येतं, अगदी गवताच्या काडीसारखं, तेव्हा खुरपणी करणाऱ्याला आधी दाखवून ठेवा नाहीतर तण म्हणून उपटलं जाईल.