सोडण्याआधी मागून पाहिलंस का?

"मॅडम, मी रिसर्च सोडावं का?"

संशोधनात असलेल्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न फार वेळ लपून राहत नाही. कुणी म्हणते, लॅबमध्ये असते तेव्हा जीव घरात अडकलेला आणि घरी असते तेव्हा पेशी वाढवायच्या इनक्युबेटरमध्ये. कुणी म्हणते, माझ्यामुळे रिसर्च पेपर रखडलाय. कुणी सरळ विचारते, मूल झाल्यावर हे कुणाला जमतं तरी का? शब्द वेगळे असले तरी घोर एकच: दोन्हीकडे अर्धवट पडतेय, तर एक सोडून दिलेलं बरं.

या प्रश्नाला मी हो-नाही असं उत्तर देत नाही. त्यापेक्षा एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला वैदेही म्हणू.

वैदेही पेशीजीवशास्त्रात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन करणारी. चौतिशीची, मुलगा दोन वर्षांचा, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. आली तेव्हा राजीनाम्याचा ईमेल तिच्या फोनमध्ये तयार होता. तो तिने मला वाचूनही दाखवला. वैयक्तिक कारणास्तव, आपली ऋणी आहे, सगळे नमुने आणि नोंदी वेळेत सोपवीन. मजकुरात कुठे तक्रारीचा सूर नाही, की कुठे एखादी विनंती नाही. मला ते दुसरं जास्त खटकलं.

पण आधी तब्येत. झोप लागते का, भूक आहे का, आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का, हे मी कुणालाही आधी विचारते. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची साधी चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. तीही करून घेतली. दमणूक वेगळी आणि नैराश्य वेगळं. नैराश्य असेल तर वेळापत्रकं आखत बसण्यात अर्थ नाही, आधी डॉक्टर. मूल दोन वर्षांचं झालं म्हणजे बाळंतपणानंतरचं सगळं मागे पडलं, असं घरचे धरून चालतात. मी धरत नाही. वैदेही दमलेली होती, चिडलेली होती, पण आजारी नव्हती. म्हणून कामाकडे वळता आलं.

"माझाच स्वभाव असा आहे, मला दोन डगरींवर पाय ठेवता येत नाही," ती म्हणाली. या वाक्यावर मी तिला एक आकडा सांगितला. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानात पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलं मूल झाल्यानंतरच्या काही वर्षांत त्यातल्या 43 टक्के आयांनी विज्ञानातलं पूर्णवेळ काम सोडलं होतं. वडिलांमध्ये हे प्रमाण 23 टक्के होतं. जवळपास निम्म्या जणींचा स्वभाव एकाच वेळी कसा बिघडेल? आणि 23 टक्के बापही गेलेच, म्हणजे अशा नोकऱ्यांची घडीच मूल असलेल्या माणसाला सोसत नाही. हा आकडा रहा म्हणत नाही, जा म्हणत नाही. त्याने स्वतःला दोष देणं जरा थांबतं, आणि तेवढं मला पुरतं.

मग तिला घरचा अभ्यास दिला. प्रयोगाची नोंद ठेवतेस तशी एका आठवड्याची ठेव. निष्कर्ष नकोत, निरीक्षणं लिही. रकाने चार: वेळ, काम, हात कुणाचे, ध्यान कुणाचं, म्हणजे ते लक्षात कोण ठेवतं.

शास्त्रज्ञ बाईला डायरी लिही म्हटलं तर ती हसण्यावारी नेते. नोंदवही म्हटलं की हुरूप येतो. वैदेहीने तारीखवार, खाडाखोड न करता, चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारून आणलेली वही माझ्यासमोर ठेवली. त्यातलं एक पान असं होतं (मेम्ब्रेन, अँटीबॉडी हे प्रथिनं शोधण्याच्या प्रयोगातले टप्पे):

"मंगळवार. 9.10, मेम्ब्रेन ब्लॉकिंगला ठेवली, एक तास. त्या तासात: पाळणाघराच्या ग्रुपवर उत्तर, लसीची तारीख घेतली, आकृती 4 ची लेबलं, विद्यार्थिनीला बफरचं गणित समजावलं. 10.15, प्रायमरी अँटीबॉडी, कोल्ड रूममध्ये रात्रभर. 11.40, पाळणाघराचा फोन, अंग कोमट लागतंय. 11.40 ते 12.30, काही नाही."

त्या "काही नाही"वर आम्ही बराच वेळ बोललो. ताप आला नव्हता. ती पन्नास मिनिटं खुर्चीत बसून फोनची वाट बघत होती.

रविवारच्या पानावर होतं: "4.00, सेल्स स्प्लिट. जाऊन-येऊन तीन तास. प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटं."

"रविवारीच का?" मी विचारलं. मला त्यातलं काही कळत नाही, याचा इथे फायदा झाला. पेशी वाढून भांडं भरलं की त्या विरळ करून नव्या भांड्यात घालाव्या लागतात, नाहीतर बिघडतात, असं तिने समजावलं. त्या लॅबमध्ये बुधवार, शुक्रवार, रविवार हा क्रम ती यायच्या आधीपासून चालत आला होता. मी म्हटलं, शुक्रवारी कमी पेशी घातल्या तर भांडं भरायला जास्त दिवस नाही का लागणार? ती माझ्याकडे बघतच राहिली. अर्थात लागतील. सोम, बुध, शुक्र असा क्रम लावून शुक्रवारी विरळ पेरलं, तर तिच्या पेशी सोमवार सकाळपर्यंत आरामात निघतात. हे तिला माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं ठाऊक होतं. पण रविवार हा तिच्या लेखी पेशींचा नियम होता, लॅबची सवय नव्हती.

तिथून पुढे ती स्वतःच बोलू लागली. म्हणाली, प्रोटोकॉलमध्ये काही पायऱ्यांवर लिहिलेलं असतं, इथे थांबलं तरी चालतं. कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही हे माहीत असेल तर दिवस आखता येतो. आठवड्याच्या पानांवर तिने तशा खुणा केल्या. खरंच न थांबता करायची कामं तिच्या भीतीपेक्षा कितीतरी कमी निघाली. उरलेल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावर अडलेल्या होत्या.

तेव्हा मी विचारलं, "यातलं काय काय तू कुणाकडे मागून पाहिलंस?"

उत्तर असं: काहीच नाही. ग्रुप मीटिंग संध्याकाळी साडेपाचला, पाळणाघर साडेसहाला बंद. दर आठवड्याला ती मीटिंग अर्ध्यावर सोडून, मान खाली घालून निघायची. लॅबप्रमुख सरांना एकदाही बोलली नव्हती. "त्यांना दिसत नाही का?" नसेलही दिसत. किंवा दिसत असेल आणि त्यांनी वेगळाच अर्थ लावला असेल, की हिला आता रस उरला नाही. राजीनामा लिहिणं तिला सोपं गेलं, कारण राजीनाम्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. विनंतीला म्हणू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या किती जणींचं "सोडू का" हे खरं तर न केलेल्या विनंत्यांचं गाठोडं असतं, हे बघून मला अजूनही वाईट वाटतं.

सरांशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. ती सर झाली की मी वैदेही, मग उलट. तिचा पहिला खर्डा "सॉरी सर, तुमचा वेळ घेतेय" इथून सुरू झाला आणि बाळाच्या सर्दीपर्यंत गेला. दुसऱ्यात इतके "जमलं तर" होते की मागणी काय तेच कळेना. शेवटी उरलं ते एवढंच: "सर, ग्रुप मीटिंग सकाळी घेता येईल का? संध्याकाळी मला सहाला निघावंच लागतं आणि चर्चेचा महत्त्वाचा भाग हुकतो. पेपरच्या रिव्हिजनसाठी जर्नलने मागितलेल्या प्रयोगांतले दोन मी करते, तिसऱ्यासाठी माणूस हवा, नाहीतर जर्नलकडे मुदत वाढवून मागावी लागेल." कारण एका वाक्यात, मागणी स्पष्ट, आणि स्वतः काय करणार तेही त्यातच. मूल, ताप, जागरण यांचा उल्लेख नाही. ते लपवायचं म्हणून नव्हे. ते काढलं की समोरचा सहानुभूती दाखवतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

सर सगळ्याला हो म्हणाले नाहीत. मीटिंग सकाळी अकरावर आली, आणि यावर आणखी दोन विद्यार्थ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. तिसऱ्या प्रयोगासाठी माणूस मिळाला नाही. मुदतीसाठी सरांनी संपादकांना लिहिलं. रिव्हिजनला मुदत वाढवून मागणं ही रोजची गोष्ट आहे आणि बहुतेक जर्नल्स ती देतात. पेपरवरचं पहिलं नाव तिचंच राहील, हे तिने त्याच बैठकीत विचारून घेतलं आणि संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने नोंदवलंही. ते मी सुचवलं नव्हतं. तिचं तिला सुचलं.

घरचं प्रकरण जास्त नाजूक होतं. नवरा काम करणारा होता, सांगितलं की करायचा. सांगायचं कुणी, तर हिने. वहीतल्या "ध्यान कुणाचं" या रकान्यात सगळीकडे तिचंच आद्याक्षर होतं. ते पान त्याच्यासमोर ठेवल्यावर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग पाळणाघराचा फॉर्म मागितला. संपर्कासाठी पहिला नंबर तिचा होता, तो त्याने स्वतःचा केला. सुरुवातीला फोन आला की तो लगेच तिलाच फोन लावायचा. हळूहळू बंद झालं. लसी आणि डॉक्टर हे खातंही त्याच्याकडे गेलं. एक लस आठवडाभर उशिरा झाली. जग बुडालं नाही.

घरकामाला पैसे देऊन माणूस ठेवायचा म्हटलं की या हुशार बायकांना अपराधी वाटतं, हे मला कधीच उमगलेलं नाही. क्रिस्तियान न्युसलाइन-फोलहार्ड यांना 1995 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी 2004 मध्ये जर्मनीत एक प्रतिष्ठान काढलं. मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना ते पैसे देतं, आणि ते घरकामासाठी व मुलं सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी वापरायचे असतात. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईला संशोधनाला मदत कुठे लागते ते नेमकं कळलं होतं. हे ऐकून वैदेहीने आठवड्यातून तीन दिवस कामाला माणूस ठेवला.

करिअरचं कोचिंग घ्यावं का, असंही तिने विचारलं होतं. घ्यावं, पण कोण काय देतं ते ओळखून. कोच तुमचं उद्दिष्ट तुमच्याकडूनच स्पष्ट करून घेतो आणि पाठपुरावा करतो. मेंटॉर त्याच क्षेत्रातला, तो अनुभवाचं सांगतो. तिसरं माणूस याहून वेगळं आणि अनेकींकडे नसलेलं: तुम्ही खोलीत नसताना तुमचं नाव पुढे करणारं. ते विकत मिळत नाही. तुमचं काम त्याच्या नजरेला पडेल एवढंच आपल्या हातात असतं.

पेपर निघाला. पुढे वैदेहीने स्वतःच्या लॅबसाठी अर्ज केला नाही. मायक्रोस्कोपीचं सामायिक केंद्र चालवायची जागा घेतली. काहींना ही माघार वाटेल. मला नाही वाटत, कारण हा निर्णय तिने चांगल्या महिन्यात, पोटभर झोप झालेली असताना, दोन्ही पर्याय समोर ठेवून घेतला.

राहता राहिलं ते एक, "सर नाहीच म्हणाले तर?" म्हणतात काही जण, आणि तुसडेपणानेही म्हणतात. तरी नकार उपयोगी पडतो: काय मागितलं, कधी मागितलं आणि कोण नाही म्हणालं हे आता माहीत असतं. मग प्रश्न "विज्ञान सोडू का" असा राहत नाही, "ही लॅब सोडू का" असा होतो, आणि त्याचं उत्तर पुष्कळ सोपं असतं. मध्ये खंड पडलाच तर दार कायमचं बंद होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या पहिल्या महिला भौतिकशास्त्र प्राध्यापक डॅफ्नी जॅक्सन यांच्या नावाचा न्यास 1992 पासून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त खंड पडलेल्यांना संशोधनात परत येण्यासाठी फेलोशिप मिळवून देतो. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या संशोधन अनुदानांत पात्रतेसाठी पीएचडीनंतरची वर्षं मोजताना आईला प्रत्येक मुलामागे 18 महिन्यांची सूट मिळत आली आहे, प्रत्यक्ष रजा त्याहून कमी घेतलेली असली तरी. तुम्ही जिथे अर्ज करणार आहात तिथे अशी काही सवलत आहे का, ते नियमावलीत शोधा. सापडली नाही तर त्या कार्यालयाला लेखी विचारा.